धाकलीबायचा एसी

माझ्या आयुष्यात एकच नोकरी मला माझ्या गुणावर मिळाली, आणि तो गुण म्हणजे मला वास येत नाही.

लहानपणी कसला तरी ताप आला, डोक्यात गेला आणि उतरताना नाकाची वायर तोडून गेला. आई म्हणायची, डोक्यातलं पण थोडं घेऊन गेला. पण ते आधी होतं की नव्हतं, ह्याचा कुणाकडे पुरावा नाही. शाळेत मी दोनदाच गेलो. दुसऱ्यांदा गेलो ते पहिल्या वेळी राहिलेली चप्पल आणायला. गाडी तेवढी चालवता येते, ती पण पुढे. रिव्हर्स टाकताना अजून देवाचं नाव घेतो.

तर चारकोपच्या नाक्यावर चहा पिताना कळलं, की खाडीकडच्या कोळीवाड्यात एका बाईला ड्रायव्हर पाहिजे. आधीचे सगळे पळाले. का पळाले ते मी विचारलं नाही. हुशार माणसानं विचारलं असतं.

गेलो तर अंगणात एक बाई खुर्चीवर बसलेली. म्हणजे खुर्ची आत कुठंतरी असणार, मला फक्त बाई दिसत होती. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात सुपारी कातरायचा अडकित्ता. मी म्हटलं, "मावशी, ड्रायव्हर पाहिजे ना?"

"पयलं हे मावशी बंद कर," ती म्हणाली. "मना मावशी म्हटलं की माणसाचं दुसरं वाक्य असतं, थोडं कमी करा. बाय म्हण."

"बाय, ड्रायव्हर पाहिजे ना?"

तिनं बाजूची टोपली उचलून माझ्या नाकाखाली धरली. "कसला वास येतो?"

मी जोरात श्वास घेतला. "कसला?"

"नीट घे."

मी टोपलीत तोंड घातलं. "बाय, आत काय आहे तरी?"

आत उन्हात अर्धवट सुकलेली मुशी होती, म्हणजे लहान शार्क. तिच्या वासानं म्हणे शेजारच्या आळीतली मांजरं पण विचार करून येतात. बाय एवढी हसली की अडकित्ता खाली पडला. "पोरांनो, बगा रं, नाक नाय ह्याला! उद्या पाटं ये, बिननाक्या." हाच माझा इंटरव्ह्यू, आणि तेच पुढं माझं नाव.

तिचं नाव धाकली. पाठोपाठ मुली झाल्या म्हणून हिला धाकली म्हणाले, तेच राहिलं. साठी ओलांडलेली, अंगानं दरवाजाएवढी, तरी सगळा कोळीवाडा धाकलीबायच म्हणायचा. पहाटे धक्क्यावरून माल घ्यायचा, बर्फात क्रेट भरायचे आणि कांदिवली-बोरीवलीच्या सोसायट्यांत ठरलेल्या घरांना पोचवायचा, हा तिचा धंदा. पापलेट कुठलं, कुणाला सुरमईचा शेपटाकडचा तुकडा लागतो, कुणाच्या घरी सोमवारी फोन करायचा नाही, सगळं डोक्यात. भाव एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारलं तर झाकण लावायची.

गाडी म्हणाल तर सेकंडहँड, सात सीटवाली, मागच्या सीटा काढून टाकलेली. तिथं क्रेट. पुढं मी आणि बाय. आणि गाडीत सगळं जुनं असलं, तरी एसी पुढं पण होता आणि मागं पण. घेताना तिनं तेवढंच बघितलं होतं. इंजिन कसं आहे ते विचारलं नाही. हात जाळीवर ठेवला, गार लागलं, पैसे दिले.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाय, सकाळची हवा मस्त आहे. काचा खाली करतो, एसीला पेट्रोल जातं."

"काचेला हात लावलास तर हात तिथंच ठेवून जाशील," बाय म्हणाली.

मग पहिल्या सिग्नलला मला कळलं. आमच्या बाजूला एक मोठी गाडी येऊन थांबली. तिची काच खाली होती. आतल्या माणसानं आमच्याकडे बघितलं, मागचे क्रेट बघितले आणि त्याचं बोट काचेच्या बटणाकडे गेलं. पण त्याच्या आधी बायनं आपली काच चार बोटं खाली घेतली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि सावकाश, त्याच्या तोंडावर, वर केली. मग समोर बघत बसली. एखादी राणी बसते तशी. फक्त राणीच्या मांडीवर बोंबलाची पिशवी नसते.

"चाळीस वर्सं," ती म्हणाली. "रिक्षावाला बगून पुडं जायचा. बसमदी चढले तर बाजूची बाई उठायची. पावसात उबी असताना गाडीवाले काच वर करायचे, माज्या तोंडावर. मी काय त्यांच्या गाडीत बसायला मागितलेलं? आता काच माजी हाय. मी करणार वर."

तेव्हापासून प्रत्येक सिग्नलला हा कार्यक्रम. मला आधी लाज वाटायची. मी बाजूच्या गाडीवाल्याला हात जोडून सॉरी म्हणायचो. एकदा बायनं बघितलं. म्हणाली, "त्याची माफी मागतोस, तर पगार पण त्याच्याकडनं घे." तेव्हापासून मी पण समोर बघायला लागलो. त्या नादात एकदा हिरवा झालेला सिग्नल पण बघितला नाही, आणि मागच्यांनी माझ्या आईची चौकशी केली.

बोरीवलीच्या एका सोसायटीत आमची पाच-सहा घरं होती. एक दिवस वॉचमन म्हणाला, कमिटीचा ठराव झालाय, मच्छीची गाडी मागच्या गेटनं. मागचं गेट म्हणजे कचऱ्याची गाडी जाते ते. मी लगेच गिअर टाकला, कारण वॉचमनचा युनिफॉर्म बघितला तरी मी घाबरतो. शाळेतले शिपाई आठवतात.

"कुठं चाललास?" बाय म्हणाली. "बंद कर. गाडी नाय, गिअर. एसी चालू ठेव."

आम्ही पुढच्या गेटात उभे. मागं एक गाडी आली, मग दुसरी, मग शाळेची बस. हॉर्न सुरू. बायनं मोबाइलवर तिची मालिका लावली. त्यात सासू सुनेला घराबाहेर काढत होती, आणि बाय त्या सुनेला शिव्या घालत होती, "जातंस कशाला, बस तिथंच!" मला वाटलं मला म्हणतेय, मी आणखी घट्ट बसलो.

शेवटी कमिटीचे एक काका आले, बर्म्युडा घालून. काचेवर टकटक केलं. बायनं काच दोन बोटं खाली घेतली.

"लवकर बोला. एसी जातोय."

काका म्हणाले, "अहो मावशी, असं काय करता, रूल आहे."

झालं, मावशी म्हणाले. काच वर.

परत टकटक. परत दोन बोटं. तेवढ्यात वरून चौथ्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "धाकलीबाय! आलीस का गं? माझी सुरमई पाठव लवकर, पाहुणे येतायत!" काकांनी वर बघितलं. त्यांच्याच सौभाग्यवती. काकांनी गेटवाल्याला हात केला, आणि आम्ही पुढून आत गेलो.  सुरमईवर कोथिंबीर मात्र दिली नाही. नेहमी देते.

असं सगळं झकास चाललेलं, आणि मे महिन्यात एसी गेला.

पहिल्यांदा जाळीतून गरम हवा यायला लागली. बाय जाळीवर हात ठेवून बसली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग कर्र आवाज आला आणि ते पण बंद. मी खुशीत म्हटलं, "चला बाय, आता काचा खाली."

"नाय."

"बाय, मे महिना आहे."

"मना कॅलेंडर दाखवू नको. काच वर."

आता ऐका. मे महिना, दुपारचं ऊन, सगळ्या काचा बंद, एसी नाही, आणि चारकोप ते बोरीवली. मागं मासे बर्फात मजेत. पुढं मी शिजत होतो. घाम डोळ्यात जाऊन मला एकाचे दोन सिग्नल दिसायला लागले, आणि दोन्ही लाल. बायचा पण चेहरा लालबुंद, गजरा मान टाकलेला. पण बाजूला गाडी आली की पदरानं तोंड पुसायची, मान ताठ करायची, आणि असं दाखवायची की आत हिमालय आहे. मी एकदा दार जरासं उघडून पाय बाहेर काढला, तर म्हणाली, "पाय आत घे. लोकं बगतात."

तीन दिवस असं काढलं. तिसऱ्या दिवशी मी एका सोसायटीत गाडीतून उतरलो आणि सरळ बागेतल्या पाण्याच्या पाइपाखाली जाऊन बसलो. माळी माझ्यावर पाणी मारत राहिला, त्याला वाटलं नवीन कुंडी आली. तेव्हा बाय म्हणाली, "चल. गॅरेजला घे."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक मोठं गॅरेज आहे, काचेचं ऑफिस, सोफा, कॉफीचं मशीन. गॅरेज म्हणजे मला ग्रीस लागलेला माणूस आणि चहाचा कप एवढंच माहीत होतं. इथं टाय लावलेला एक मुलगा आला. गाडी आत नेली. आम्ही बसलो. मग तो एक छापील कागद घेऊन आला.

"मॅडम, कॉम्प्रेसर जाम आहे. त्याच्याबरोबर कंडेन्सर, मागचा पाइप, फिल्टर, वॉल्व, सगळा सेट बदलावा लागेल. हा खर्च."

बायनं कागद माझ्याकडे दिला. मला अक्षरं येत नाहीत, पण शून्यं येतात असा माझा समज होता. मी मोजली आणि म्हणालो, "पाच लाख."

बायनं कागद माझ्या हातातून परत हिसकून घेतला.  टायवाला घाईनं म्हणाला, "नाही नाही, मॅडम, पन्नास हजार!"

"हां, मग ठीक," बाय म्हणाली. म्हणजे माझ्या अडाणीपणामुळे पन्नास हजार स्वस्त वाटले. टायवाल्याला वाटलं काम झालं. पण बाय उठली. "आता उघडून दाखव."

"काय मॅडम?"

"जे नासलंय ते. उघडून दाखव."

"मॅडम, कस्टमरला आत अलाव नाही. सेफ्टी."

"हे बग बाळा. माज्याकडं गिऱ्हाईक येतं, ते काय मी बोलले म्हणून मासा घेतं? कल्ला उघडून बघतं. आत लाल असला तर पैसे. चाळीस वर्सं मी कल्ले उघडून दाखवतेय. तुज्या मालाचा कल्ला कुठं हाय?"

"मॅडम, हा मासा नाहीये."

"मासा असता तर मीच उघडला असता."

तो म्हणाला, मॅनेजरला विचारतो, तोपर्यंत बसा. बाय बसली. आणि बसताना दिवसाचा उरलेला क्रेट पण आत मागवला, कारण गाडीत एसी नाही, माल खराब होणार, तिचं म्हणणं बरोबर होतं. मी क्रेट सोफ्याशेजारी ठेवला.

आता मला वास कळत नाही, मी लोकांच्या तोंडावरून अंदाज लावतो. एका मॅडमनी रुमाल काढला. एक साहेब फोन आला नसताना फोनवर बोलत उन्हात गेले. एक नवरा-बायको मुलाला घेऊन उठले. बघता बघता सगळा सोफा रिकामा. मला खरंच वाटलं, बायला मान देतायत. मी म्हटलं पण, "बाय, चांगले लोक आहेत, पाय पसरून बसा." टायवाल्यानं आधी कॉफी आणली. मग पाणी. मग हवेत काहीतरी सुगंधी मारलं. मग मिस्त्रीला आणलं.

मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारा. आम्हाला आत नेलं. गाडी वर उचललेली. त्यानं एक पाइप सोडवला आणि त्यातलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं. काळं तेल, आणि त्यात बारीक चमचम. माशाचे खवले पडतात ना ओट्यावर, अगदी तसं. बायनं दोन बोटांत घेतलं, चोळलं.

"लोखंड?"

"आतला चुरा आहे, बाय," मिस्त्री म्हणाला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बाय म्हणाला. "कॉम्प्रेसर आतून खाल्ला गेला. चुरा सगळ्या पाइपांतून फिरलाय. एकटा कॉम्प्रेसर नवा टाकला तर तो पण जाईल."

"पण खाल्ला कशानं?"

मिस्त्रीनं बॅटरी गाडीच्या पोटाखाली मारली. मागच्या एसीचा पाइप फरशीखालून जातो. तो गंजून जाळी झालेला. वर बरोबर तिथंच आमचे क्रेट. बर्फ वितळून खारं पाणी वर्षानुवर्षं तिथं टपटपत होतं. पाइप गळला, गॅस गेला, तेल गेलं, कॉम्प्रेसर कोरडा फिरला.

मी एक पाऊल मागं सरकलो. कारण आता बाय मिस्त्रीला सोलणार, ह्यात मला शंका नव्हती. टायवाला पण सरकला.

बायनं त्या गंजावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे माज्याच माशानं खाल्ला." आणि टायवाल्याला, "बरोबर हाय. कर. सगळं नवीन घाल."

मी तिच्या कानात म्हटलं, "बाय, थोडं कमी करा म्हणा ना."

ती अशी फिरली की मी स्वतःच्याच पायावर पाय दिला. "त्यानं कल्ला उघडून दाखवला. खरं बोलला. आता मी भाव पाडू? मग माज्यात आन् त्या मावशी-मावशी करणाऱ्यांत फरक काय रं?"

टायवाला बिचारा खरंच चांगला होता. तो म्हणाला, "मॅडम, मी सांगू नये, पण ही गाडी विकली तर एवढे पण येणार नाहीत."

"मी कुठं विकतेय?"

खरी मारामारी घरी झाली. बायचा मुलगा राकेश, बँकेत कामाला, बोरीवलीत फ्लॅट. तो तावातावानं आला. मी बाहेर पायरीवर बसलेलो, पण कोळीवाड्यात भिंतीला कान लावायची गरज नसते, माणसंच भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं बोलतात.

"आई, हे पैसे तुझ्या गुडघ्याचे आहेत! डॉक्टरनं तारीख दिलीय!"

ते खरं होतं. बायचे गुडघे गेलेले. गाडीतून उतरताना ती आधी माझं खानदान काढायची, मग पाय. ऑपरेशनसाठी तिनं वर्षभर पैसे बाजूला टाकलेले.

"गुडघ्याला परत टाकीन," बाय म्हणाली.

"कधी? आणि कशासाठी? मासे टेम्पोनं पाठव, तू रिक्षानं जा. भाडं मी देतो. रोज."

"रिक्षात मना घेतील?"

"टोपली नसली तर घेतील ना!"

आत अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"राकेश," बाय म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला, मला ऐकायला पुढं झुकावं लागलं, "गुडघा दुखतो तो घरात दुखतो. मी आन् माजा तेल लावायचा हात. पण काच खाली गेली ना, ते चौकात दुखतं. सगळ्यांच्या समोर. तू बँकेत बसतोस, तुज्या तोंडावर कुणी काच वर केली नाय, कारण मी टोपली घेतली होती. आता टोपली माजी, काच माजी, गुडघा पण माजा. जा, चहा पी, बिननाक्याला पण दे, तो पायरीवर ऐकत बसलाय."

राकेश बाहेर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तरी समजव ना तिला." मी म्हटलं, "साहेब, मला मी पण समजत नाही." तो हसला, मग डोळे पुसले, मग चहा घेऊन आला.

एसी झाला. काय गार करायचा! क्रेटखाली बायनं जाड प्लॅस्टिक घातलं, पाणी बाहेर काढायला नळी लावली. ऑपरेशनची तारीख गेली. पुढची पण गेली, कारण आधी सुनेचं बाळंतपण आलं, मग आणखी काहीतरी. बाय आता कुठल्या घरी वर जायची नाही. गिऱ्हाईकं खाली गाडीपाशी यायची, काच दोन बोटं खाली, ऑर्डर, मी मागून माल द्यायचो. दहातल्या दोघांना चुकीचा द्यायचो. गुडघा फार ठणकला की ती पुढची जाळी खाली वळवायची, सगळी गार हवा गुडघ्यावर सोडायची आणि गुडघ्याला म्हणायची, "घे. तुजेच पैसे हायत. खा."

पस्तावली का, हे मी कधी विचारलं नाही. मला नोकरी प्यारी होती.

मग गाडीची पंधरा वर्षं भरली. आरटीओत पासिंगला नेली तर तिथल्या साहेबांनी खालून हातोडी मारली आणि हातोडी आरपार गेली. मीठ सगळी चेसी खाऊन बसलेलं. गाडी भंगारात, दुसरा इलाज नाही. आता बाय जाऊन दोन वर्षं झाली, पण मला तिचं शेवटचं रूप दिसतं ते गाडी भंगारात नेली त्या दिवसाचं. गाडी गेल्यावर धंदा पण तिनं बंद केला, आणि मी दुसरीकडे लागलो.

राकेश म्हणाला, टोइंगवाला बोलावतो. बाय म्हणाली, "मी नेते. चालत आलीय माज्याकडं, चालत जाईल." म्हणजे चालवणार मी, आणि राकेश मागं उपड्या क्रेटवर. भंगारवाल्याचं आवार म्हणजे नुसतं ऊन आणि लोखंड. गाड्यांचे सांगाडे एकावर एक. तीन-चार माणसं गॅसची नळी आणि कटर घेऊन आमची वाट बघत उभी. मी गाडी लावली. रिव्हर्स होता, देवाचं नाव घेतलं, तरी एक सांगाडा पाडला. तो तसाही भंगारच होता.

मालक आला, जाळीवर हात ठेवून म्हणाला, "एसी तर कडक आहे! हा काढून घ्या, गिऱ्हाईक मिळेल." राकेशनं लगेच आईकडे बघितलं. अर्धा गुडघा तरी निघाला असता.

"नाय काढायचा," बाय म्हणाली. "उतर रं, बिननाक्या. राकेश, तू पण. इंजिन चालू ठेवा."

आम्ही उतरलो. बाय आतच. तिनं एसी फुल केला, माझ्या दाराच्या बटणांपर्यंत हात नेऊन सगळ्या काचा चार बोटं खाली घेतल्या. आधी राकेशच्या बाजूची काच वर गेली, मग माझ्या बाजूची, मग तिची. सगळ्यांच्या तोंडावर. आम्ही बाहेर उन्हात, भंगारवाले कटर घेऊन, मालक घड्याळ बघत, राकेश रुमालानं मान पुसत. आणि आत बाय, अबोलीचा गजरा ताजा, हात मांडीवर, समोर बघत. कुणाची हिंमत नाही टकटक करायची.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. टाकीत उरलेलं पेट्रोल संपलं, इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. पंख्याचा आवाज पण हळूहळू थांबला. 

मग काच खाली आली. सावकाश, पूर्ण. बायनं हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि कटरवाल्याला म्हणाली,

"ये. काप आता. ताजी हाय."